बर्फघरातला निळा चोर

“डोळ्यांना दिसत नाही म्हणतेस, तो चोर धरून आण! अमावास्येपर्यंत! नाहीतर तुझ्या आईची गाढवावरून धिंड आणि थेट हद्दपारी!” हिवगडचा राजा भुजंगराव गरजला.

समोर ठकी उभी होती. राजाच्या मुदपाकखान्यात भांडी घासणारी. तिची आई इठाबाई गवळण कोठडीत होती. गुन्हा काय? तर तिने दिलेल्या चिकाचा खरवस राजवाड्यात खाल्ला गेला आणि अर्धा दरबार तापाने फणफणला. राजाची पोटुशी सूनबाई तर अंथरुणालाच खिळली.

“महाराज, त्याच चिकाचा खरवस गवळीवाड्यातल्या पोरांनी गरम गरम चापला. एकालाही साधी शिंक आली नाही! तुमच्याकडे मात्र तो बर्फघराच्या ओट्यावर दिवसचे दिवस पडून होता. तिथेच डोळ्यांना न दिसणारा चोर त्यात शिरला!”

राजवैद्य धोंडभट फिसकन हसले. केस पिकले की अक्कलही पिकते, असा त्यांचा समज. दरबारातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांचाही तोच, कारण दुसरं काही पिकलंच नव्हतं. “मूर्ख पोरी! थंडीत काही नासत नाही. माझे आजोबा सांगायचे!”

“मग सूनबाईंची नाडी बघायला आजोबांनाच बोलवा की!”

राजा खाकरला. बर्फघर म्हणजे त्याचा जीव की प्राण. उत्तरेकडून उंटांवर लादून आणलेला बर्फ! तो वितळू नये म्हणून तिथल्या दगडी ओट्यावर कढत पाण्याचा थेंबही टाकायचा नाही, असा खुद्द त्याचाच हुकूम होता.

“धरते चोर,” ठकी म्हणाली. “पण सापडला की धिंड त्याला पोसणाऱ्याची! मग तो कुणीही असो.”

“राजाचा शब्द!”

ठकीने बकऱ्याच्या पायांचा रस्सा रटरटा उकळला, गाळला आणि चार थाळ्यांत ओतला. थंडीत असा रस्सा गोठून आरशासारखा होतो आणि त्याला खरकटं बोट लागलं की तिथेच काहीबाही उगवतं. भांडी घासताना हे तिने कितीदा बघितलं होतं! एका थाळीला तिने सूनबाईच्या रक्ताचा थेंब लावला. तो मागावाही लागला नाही, धोंडभट जळवा लावून त्या बिचारीचं रक्त काढतच होते. दुसऱ्या थाळीला आईची दुधाची चरवी पुसलेला बोळा. तिसरीला बर्फघराच्या ओट्यावरची ओल. चौथी कोरीच.

“कोरी कशाला?” राजाने विचारलं.

“रस्सा स्वतःच लबाड नाही ना, हे कळायला!”

चारही थाळ्यांवर झाकणं आली, राजाची मोहोर आली आणि त्या बर्फघरातच गेल्या.

अमावास्येच्या सकाळी भरदरबारात मोहोर फुटली. कोरी थाळी स्वच्छ. बाकी तिन्हींवर बारीक ठिपके!

“बघा! गवळणीच्या थाळीतही उगवलंय!” धोंडभट नाचायचेच बाकी राहिले.

“वैद्यबुवा, मिशा तुम्हालाही आहेत आणि बोक्यालाही. म्हणून तुम्ही सख्खे भाऊ का?”

दरबार खिदळला. ठकीने थाळ्या खिडकीशी नेल्या आणि उन्हात तिरप्या धरल्या. आईच्या थाळीतले ठिपके पिवळट, मातकट. सूनबाईच्या थाळीतले निळसर, मोरपिशी! आणि ओट्याच्या थाळीतले? तसेच! तीच निळी झाक!

“थंडीत बाकीचे गारठून जेमतेम वाढतात. हा निळा चोर मात्र तुमच्या बर्फात बाळसं धरतो, महाराज! सूनबाईंच्या रक्तातला आणि ओट्यावरचा एकाच कुळीचा. आईच्या चरवीतला निराळा.”

धोंडभटांनी तोंड उघडलं.

“ओट्यावर उरलेला खरवस आणलाय, आजोबांची आठवण म्हणून चाखता?”

धोंडभटांनी तोंड मिटलं.

राजा ताडकन उठला. “ओटा घाण ठेवणारा तो हरामखोर कोण? गाढव आणा!”

“बाहेर उभं आहे, महाराज. मीच आणलंय. पाठीवर मखमलीची गादीसुद्धा घातलीय.”

“धिंडीच्या गाढवाला मखमल? ती कशाला?”

“ओट्याला कढत पाणी लावू नका, हा हुकूम ज्यांचा, त्यांना उघड्या पाठीवर बसायची सवय नसेल!”

राजाचा चेहरा लालबुंद झाला, मिशा थरथरल्या आणि तो पोट धरून हसत सुटला. “शब्द म्हणजे शब्द!” म्हणत तो खरोखरच गाढवावर बसला आणि कोठडीच्या दारापर्यंत गेला. दोरी धोंडभटांच्या हातात!

येताना त्याच मखमलीवर बसून इठाबाई घरी आली. बर्फघराच्या किल्ल्या ठकीच्या कमरेला लागल्या. आणि रोज सकाळी ओट्यावर ओतायला कढत पाण्याचे हंडे कोण वाहतं? धोंडभट! आजोबांच्या नावाने बोटं मोडत!