भिकाजी मास्तरांची शिस्त

कुसळवाडी म्हणून एक गाव होतं, आणि तिथल्या शाळेत भिकाजी नावाचा एक भोळा मास्तर होता. भोळा किती? 'दार लावून घे' म्हटलं, की बाहेर जाऊन कडी घालायचा. आत हेडगुरुजी असले तरी.

नोकरी अजून कच्ची होती. होणारे सासरे सांगून गेले होते, "कायम झाल्याचा कागद दाखवा, त्याच आठवड्यात हळद लावू." आणि तो कागद लिहायचा तपासणीला येणाऱ्या साहेबांनी. म्हणून भिकाजी हेडगुरुजींचा शब्द खाली पडू देत नसे.

गणिताची चाचणी झाली. पेपरावर ठळक लिहिलं होतं, 'आधी सगळा पेपर वाचा. कोणतीही पाच गणितं सोडवा.' वाचतंय कोण! वर्गातल्या शेवंतीनं आठच्या आठ सोडवली, आठही चुकवली. बाकीच्यांनी नावाच्या जागी उत्तरं लिहिली.

हेडगुरुजी म्हणाले, "भिकाजी, पोरं डोक्यावर बसलीत. वाचून झाल्याशिवाय पेन्सिलीला हात लावू द्यायचा नाही."

"बरं, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी चित्रकला होती. भिकाजीनं कागद वाटले आणि पेन्सिली गोळा केल्या.

"आधी वाचा," तो म्हणाला.

"मास्तर, कागद कोरा आहे," शेवंती म्हणाली.

"मग सावकाश वाच."

घंटा होईपर्यंत वर्ग कोरा कागद वाचत बसला. एक जण तर पान उलटून मागचंही वाचून आला.

हेडगुरुजींनी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, चित्राला काय वाचायचं! चाचणी चालू असताना तू आपलं तोंड बंद ठेव. एक अक्षर बोलू नकोस."

"बरं, गुरुजी."

तिसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती. शेवंती पुढं येऊन उभी राहिली. भिकाजी तिच्याकडं बघतोय, ती भिकाजीकडं बघतेय.

"मास्तर, विचारा की!"

भिकाजीनं ओठांवर बोट ठेवलं. असं करत सगळा वर्ग पुढं येऊन गेला. पोरांना एवढी सोपी परीक्षा जन्मात कधी मिळाली नव्हती.

आता मात्र हेडगुरुजी भडकले. "तोंडीला प्रश्न विचारायचे असतात, दगडा! परवा साहेबांसमोर लेखी चाचणी आहे. तिथं तरी जरब दाखव. सूचना न वाचता जो लिहील, त्याचा कागद टराटरा फाडायचा आणि त्याला व्हरांड्यात कान धरून उभा करायचा. कुणाचा कोण, बघत बसायचं नाही!"

"बरं, गुरुजी."

साहेब आले. पेपर वाटले. पोरं इतकी घाबरली होती, की सूचना बोट लावून वाचत होती. शेवंतीनं तर दोनदा वाचल्या. भिकाजीला फाडायला कुणी सापडेना.

तेवढ्यात खुर्चीतल्या साहेबांनी बॅगेतून एक छापील कागद काढला. वर लिहिलेलं, 'भरण्यापूर्वी सर्व सूचना वाचाव्यात.' साहेबच ते, ते कशाला वाचतील! तळाशी दोन ओळी खरडून त्यांनी सही ठोकली.

भिकाजी उठला. साहेबांच्या हातातला कागद काढून घेतला आणि त्याचे चार तुकडे केले. मग दंडाला धरून त्यांना बाहेर चालवलं. साहेबांना वाटलं, सत्काराची वेळ झाली असेल. मान पुढं करून ते हाराची वाट बघत उभे राहिले. गळ्यात काही पडलं नाही. भिकाजीनं त्यांचेच हात उचलून त्यांच्या कानांना लावले.

"पुढच्या वर्षी वाचून या," तो म्हणाला.

हेडगुरुजी धावत आले. तुकडे जुळवून त्यांनी वाचलं, 'मास्तर गुणी दिसतात. यांना कायम करावे.'

"भिकाजी, गाढवा! फाडण्याआधी हे वाचलंस तरी का?"

भिकाजी विचारात पडला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

"नाही वाचलं, गुरुजी!"

तो तसाच व्हरांड्यात गेला आणि आपले दोन्ही कान घट्ट धरले.

"साहेब," तो म्हणाला, "जरा सरकून उभे राहा."