सत्तेचाळिसावे पान

एकदा एका खाडीच्या मुखावरील गोदीत एक गस्ती नौका बांधून तयार झाली. नौका देखणी होती, वेगवान होती आणि तिच्यावर चौतीस नौसैनिक राहणार होते. किनाऱ्याचे रक्षण करणे आणि वादळात सापडलेल्या मच्छीमारांना सोडवून आणणे हे तिचे काम. जुन्या नौकांवर सुकाणूला एक माणूस असे, इंजिनाला दुसरा आणि आत शिरलेले पाणी उपसणाऱ्या पंपांना तिसरा. या नौकेवर ही सारी कामे एका संगणकाकडे सोपवली होती.

संगणक म्हटला की त्याच्या आत एक कारभारी लागतो. कोणते काम आधी, कोणते नंतर, कोणाला किती वेळ द्यायचा, हे तो ठरवतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपण आपले कारभारीच म्हणू. नौकेसाठी निवडलेला कारभारी बाजारात तयार मिळणारा आणि चांगला नावाजलेला होता. किराणा दुकानाची बिले तोच करी, दवाखान्याच्या नोंदी तोच ठेवी, मंगल कार्यालयाच्या तारखाही तोच सांभाळी. मग तो नौका का नाही चालवणार, असा साधा हिशेब होता. शिवाय शंका घ्यायला वेळच नव्हता. आठवड्याने नौका नौदलाच्या ताब्यात द्यायचा समारंभ होता, मांडव घातला होता आणि पाहुण्यांना निमंत्रणे गेली होती.

राहिल्या होत्या फक्त दोन सह्या. नौका समुद्रात न्यायला योग्य आहे, या कागदावर आधी एका तरुण अभियंतीची सही व्हायची होती. कारभाऱ्याच्या हाताखाली राहून प्रत्यक्ष सुकाणू वळवणारी आणि पंप सुरू करणारी सारी आज्ञावली तिने दोन वर्षे खपून लिहिली होती. तिच्याखाली तिच्या वृद्ध गुरूंची सही लागणार होती. उभी गोदी त्यांना मास्तर म्हणे. मास्तरांना एक वाईट खोड होती: वाचल्याशिवाय ते कशावरही सही करीत नसत. त्या खोडीपायी त्यांना बढती फार उशिरा मिळाली. पण त्यांनी तपासलेली एकही नौका बुडाली नव्हती, त्यामुळे लोक कुरकुरत का होईना, त्यांनाच बोलावीत.

तपासणीच्या पहिल्या सकाळी शिष्येने यंत्र सुरू केले. पडद्यावर बारीक अक्षरांचा एक लांबलचक मजकूर उमटला आणि त्याच्या तळाशी एक चौकट आली, ‘मान्य आहे’. शिष्येचे बोट सवयीने चौकटीकडे गेले.

‘काय मान्य आहे?’ मास्तरांनी विचारले.

शिष्या गोंधळली. तिने आयुष्यात ही चौकट हजारदा दाबली असेल आणि असला प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. हा मजकूर सगळीकडेच असतो, तो कोणीच वाचत नाही, असे ती समजावू लागली. ‘मास्तर, हे मंगलाष्टकांसारखं आहे. शब्द कोण ऐकतो? सावधान आलं की अक्षता टाकायच्या.’

मास्तर मनापासून हसले. ‘खरं आहे. पण लग्न लागतंच ना गं?’

आणि त्यांनी तो मजकूर कागदावर छापून मागितला. एकसष्ट पाने निघाली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी जे केले त्याने गोदीची करमणूक झाली आणि शिष्येची पंचाईत. नौकेच्या मागच्या डेकवर त्यांनी चटई अंथरायला सांगितली, समोर चौरंग मांडला, त्यावर ती पाने ठेवली आणि कप्तानाला विनंती केली की चौतीसच्या चौतीस जणांनी रोज सकाळी दोन तास येऊन बसावे. कप्तानाने कपाळाला आठ्या घातल्या, पण वयाचा मान राखला. मास्तरांनी चष्मा चढवला आणि वाचायला सुरुवात केली. एक कलम इंग्रजीत वाचायचे आणि मग पुराणिकबुवांसारखा त्याचा अर्थ मराठीत सांगायचा.

पहिला दिवस कंटाळ्यात गेला. ‘आम्ही म्हणजे कोण’ आणि ‘तुम्ही म्हणजे कोण’ एवढेच निरूपण झाले आणि निम्मी मंडळी पेंगली. दुसऱ्या दिवशी मात्र रंग भरू लागला. कारभाऱ्याच्या मूळ घरून त्याला केव्हाही नवे हुकूम येतील आणि ते अमलात आणण्यासाठी तो स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होईल, असे एक कलम निघाले. तेव्हा एका सैनिकाने विचारले की तो निदान कप्तानाची रजा तरी काढून जाईल ना. तो अखंड चालेलच असे वचन नाही, असेही पुढे होते. कोणीतरी चौरंगावर अबोलीचा गजरा आणून ठेवला. पोथी चालली आहे म्हणजे समाप्तीला प्रसाद हवा, म्हणून आचाऱ्याने रवा काढून ठेवला.

शिष्येला मात्र हसू येत नव्हते. सप्ताहाची समाप्ती कधी, असे गोदीतले लोक तिला जाता-येता विचारू लागले होते. तिची दोन वर्षे एका चटईवर अडकून पडली होती आणि तिला गुरूंचा अगदी मनापासून राग आला होता. तिने त्यांना सांगितले की ही यंत्रणा आपण नौका धक्क्याला बांधून सलग चाळीस दिवस चालवली आहे आणि ती एकदाही अडली नाही. मास्तर म्हणाले की ही फार चांगली गोष्ट आहे, आणि त्यांनी पान उलटले.

तिसऱ्या दिवशी तो कारभारी विकणारा व्यापारी शहरातून आला. समारंभाला चार दिवस उरले असताना तपासणी का अडली हे पाहायला तो आला होता. गोलमटोल, हसतमुख माणूस. येताना पेढे घेऊन आला, चपला काढून सैनिकांच्यात मांडी घालून बसला आणि आपल्याच मालाची पोथी ऐकू लागला.

त्या दिवशी सत्तेचाळिसावे पान निघाले. मास्तरांनी त्यातले एक वाक्य आधी स्वतःशी वाचले, मग मोठ्याने वाचले आणि मग त्याचा अर्थ सांगितला.

‘ज्या ठिकाणी ही प्रणाली बंद पडल्यास मनुष्याचा जीव जाऊ शकतो, अशा ठिकाणी, उदाहरणार्थ विमाने, नौका, शस्त्रे आणि श्वास देणारी यंत्रे, वापरण्यासाठी ती बनवलेली नाही. तशी वापरल्यास परिणामांची जबाबदारी वापरणाऱ्याची राहील.’

सुकाणूवर उभा राहणारा म्हातारा मागे बसला होता. त्याची उभी हयात मालवणच्या समुद्रात गेलेली. तो सावकाश म्हणाला, ‘म्हणजे मास्तर, तो सोताच सांगता हा की माका बोटीर घेव नको?’

एकच हशा पिकला. व्यापारीही हसला, पण कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. त्याने खुलासा केला की ही वकिलांची भाषा आहे, असे सगळेच लिहितात, ते इतके मनावर घ्यायचे नसते. माल उत्तम आहे, कोट्यवधी लोक तो रोज वापरतात.

‘माल उत्तमच आहे,’ मास्तर म्हणाले. ‘माझ्या घरीही तोच आहे. पण दुकानात यंत्र अडलं तर गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबतं. खडकाला तेवढी माणुसकी नाही. ज्याने ही वस्तू बनवली तो तिला सर्वांत जवळून ओळखतो. तो जिथे तिचा जामीन राहायला तयार नाही, तिथे आपण चौतीस माणसांना कोणत्या तोंडाने जामीन राहायचं?’

मग व्यापाऱ्याने कबूल केले की तो अकरा वर्षे हा माल विकतो आहे, गिऱ्हाइकाचा वेळ वाचावा म्हणून ‘मान्य आहे’ तोच दाबून देतो, आणि सत्तेचाळिसावे पान त्याने आज प्रथमच ऐकले. सुकाणू आणि पंपांसाठी हा माल मी देत नाही, असे त्याने स्वतःहून सांगितले. सैनिकांनी त्याला पेढ्यांसकट आपल्यात घेतले.

पण शिष्येच्या मनातला तीन दिवसांचा राग आता दुसरीकडे वळला होता. ती उठून उभी राहिली. ‘म्हणजे इतके दिवस यांनी आपल्याला फसवलं.’

‘कोणी फसवलं?’ मास्तरांनी शांतपणे विचारले. ‘कारभाऱ्याने लिहून दिलं आहे. आपण विचारलं नव्हतं, तरी दिलं. त्याने सांगितलं की मी कुठे कुठे उपयोगाचा नाही, आणि आपण न ऐकताच हो म्हटलं. आणि पोरी, हो म्हणणारी तू एकटी. समुद्रात जाणारे हे चौतीस जण. त्यांच्या जिवाचा होकार त्यांच्या कानावर न घालता तू कसा देणार होतीस? म्हणून मी यांना इथे बसवलं.’

मग त्यांनी आपल्या पिशवीतून एक जाड पुस्तिका काढली आणि चौरंगावर ठेवली. ती शिष्येनेच लिहिली होती. तिच्या आज्ञावलीची सगळी माहिती तीत होती, दोनशे पाने, सुबक आकृत्यांसह.

‘उद्यापासून ही लावू,’ मास्तर म्हणाले. ‘हिच्यात ते वाक्य कितव्या पानावर आहे?’

शिष्येने पुस्तिका हातात घेतली, पण उघडली नाही. तिला प्रत्येक पान पाठ होते. सुकाणू किती अचूक वळते, पंप किती क्षणांत सुरू होतात, सारे तीत होते. तिची आज्ञावली काय करू शकत नाही, हे कुठेच नव्हते. बाजारातल्या कारभाऱ्याने निदान सत्तेचाळिसाव्या पानावर तरी खरे सांगितले होते.

‘मास्तर,’ ती खालच्या आवाजात म्हणाली, ‘ते पान मी लिहिलंच नाही.’

‘मग समाप्तीला अवकाश आहे,’ मास्तर म्हणाले आणि त्यांनी चष्मा उतरवला. आचाऱ्याने मात्र शिरा केलाच. रवा भाजून झाला होता.

समारंभ दोन महिने पुढे गेला आणि मांडव उतरवावा लागला. कप्तानाला वरून चार शब्द ऐकून घ्यावे लागले. आधी तो चिडला, पण पहिल्या फेरीला आपणच जाणार आहोत हे आठवल्यावर त्याचा राग निवळला. बाजारातला कारभारी नौकेवरून हाकलला गेला नाही. रजेचे अर्ज, शिधासामग्रीची यादी आणि रविवारचा चित्रपट ही कामे त्याला दिली आणि ती त्याने झकास केली. तो मधूनच बंद पडे तेव्हा सैनिक चित्रपटाच्या नायकाच्या नावाने ओरडत, इतकेच. सुकाणू आणि पंपांसाठी मात्र एक लहानसा, मंद म्हणावा असा कारभारी बसवला. त्याला दोनच कामे येत, बाहेरचे कोणतेही हुकूम तो घेत नसे, आणि त्याच्या पोटात काय आहे ते शिष्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचू शकत होती. तिने ते तीनदा वाचले.

दोन महिन्यांनी सही करायच्या दिवशी तिने स्वतःहून चौतीस जणांना डेकवर बोलावले आणि पुस्तिकेचे नवे पहिले पान वाचून दाखवले. पाणी संगणकाच्या पेटीच्या उंचीपर्यंत चढले तर ही यंत्रणा चालणार नाही. सुकाणू हाताने धरावे. पंपाच्या तोंडाशी कचरा अडकला तर तिला ते कळत नाही. माणसाने जाऊन पाहावे. अशी नऊ वाक्ये होती. नववे तिने सर्वांकडे पाहून वाचले. ही यंत्रणा अजून खऱ्या वादळात तपासलेली नाही.

मास्तर एका बाजूला बसून ऐकत होते.

सुकाणूवरचा म्हातारा पुढे आला. ‘मगे पयल्या वादळात तू आमच्यावांगडा येशीत मां, बाय?’

शिष्येने समुद्राकडे पाहिले. तिला पोहता येत होते, पण फार नाही. ‘येईन,’ ती म्हणाली.

‘मगे कर सही,’ म्हातारा म्हणाला, आणि तिने सही केली.