जवळात जवळचा अर्थ

"पण बाबा, दोघांपैकी एकही प्रोग्राम खोटं बोलला नाही. मग चूक कुणाची?"

नदीकाठच्या तकियात, म्हणजे आपल्या मठीत, जमालशा फकीर चूल फुंकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा सुहृद टिळेकर, इंजिनिअर. पूर ओसरला तसा हा स्वतःला निर्दोष ठरवून घ्यायला आला होता. फकिरांनी एकदा तसं म्हटलं की याला झोप लागणार होती.

"नीट सांग."

"पाणी सोडण्याआधी धरणाचा प्रोग्राम तहसिलीच्या प्रोग्रामला विचारतो, नदीपात्रात कोणी आहे का. दोघांचं जग वेगळं, एकाचं दुसऱ्याला कळत नाही. मधला दुभाषा मी लिहिला. शंभरातल्या सत्त्याण्णव गोष्टी जुळवल्या मी!"

माणसं वाहून गेली तरी आवाजातली ऐट गेली नव्हती. चीड यावी अशी ऐट.

"मग त्या दिवशी?"

"तहसिलीने कळवलं, पात्रात भटक्यांची पालं आहेत, ताडपत्रीचे तंबू. धरणाला घर माहीत, झोपडी माहीत, गोठा माहीत. पाल माहीत नाही. मग दुभाष्याने जवळात जवळचा अर्थ लावला... ताडपत्री. म्हणजे सामान."

"आणि दरवाजे उघडले."

"...हो."

"तुझा दुभाषा कधी म्हणतो का, मला कळलं नाही, पुन्हा सांगा?"

"तसं म्हटलं तर काम अडतं, बाबा. अडू नये म्हणूनच तर तो बनवला."

फकिरांनी चुलीत एक लाकूड सारलं.

तेवढ्यात पात्राकडून एक बाई आली. पालातली, वाचलेली. तिची बोली दोघांनाही येत नव्हती. ती भरभर काही बोलली आणि तिने हात पुढे केला.

"पाणी मागतेय," म्हणत सुहृदने चटकन पेला भरून तिच्यापुढे धरला.

तिने तो फटक्यासरशी उडवला.

फकीर उठले आणि तिच्यासमोर मातीत बसले. कळलं नाही, अशी त्यांनी हाताने खूण केली. ती पुन्हा बोलली. त्यांनी पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा ती बोललीच नाही. तिने पंजा आपल्या गुडघ्यापाशी आडवा धरला आणि दुसऱ्या हाताने नदी दाखवली.

नुकत्याच चालायला लागलेल्या पोराची उंची होती ती.

बाईचा हात तसाच गुडघ्यापाशी होता.

फकीर पुन्हा चुलीपाशी जाऊन बसले.

"आता तिला सांग, बेटा... शंभरातल्या किती जुळल्या."