मैथिलीची चाळण

नांदखेडला निनाद नावाचा एक तरुण राहत होता. नकाशे रचण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. हे नकाशे जमिनीचे नव्हेत, खेळातले. संगणकावर दोन संघ समोरासमोर बसून गडांची लढाई खेळत. समोरच्या गडावरचं निशाण पळवायचं आणि आपल्या गडावर आणून रोवायचं, असा तो खेळ. लढाईचं रान ज्याला हवं त्याने आपलं आपण रचावं, अशी त्यात सोय होती. निनाद अशी रानं रची. घळी, नद्या, बुरूज, उतार. खेळणारी मंडळी अशा रानाला मॅप म्हणत. निनादचा नवा मॅप आला म्हटलं की शेजारच्या तालुक्यातले लोकही हातातली कामं टाकून बघायला बसत.

त्याच गावात मैथिली राहत होती. दोघं एका वर्गात शिकलेली. मैथिलीला खेळण्यापेक्षा खेळात काय बिघडतं ते शोधायचा नाद होता. नवा नकाशा तपासायचा तर दोन्ही बाजूंनी खेळाडू लागतात. एवढी माणसं दर वेळी जमवायची कुठून? म्हणून तिने एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. त्यात नकाशा टाकला की तिच्या एकट्या संगणकावर दोन्ही संघांचे खोटे खेळाडू उभे राहत. ते रानभर धावत, उड्या मारत, भिंतींना धडकत. जिथे कोणी अडकेल तिथे लाल खूण उमटे. मैथिलीने त्याचं नाव ठेवलं 'चाळण'. मागेल त्याला ती चाळण देई. कुठल्या कुठल्या गावची माणसं ती वापरत आणि कौतुकाने तिला कळवत.

एका वर्षी नांदखेड आणि साखरगाव यांचा सामना ठरला. नकाशा निनादने करावा, असं दोन्ही गावांनी एकमुखाने सांगितलं. निनाद फुशारला. त्याने जीव ओतून काम केलं. नदीवर त्याने एक लाकडी पूल बांधला. पुलाची सावली पाण्यात हलायची, फळ्या पावलांखाली वाजायच्या. त्या पुलाचं चित्र त्याने आधीच सगळ्यांना पाठवून दिलं होतं, आणि जो तो त्या पुलाबद्दलच बोलत होता.

सामन्याच्या आदल्या दिवशी निनादने नकाशा चाळणीत टाकला. खोटे खेळाडू धावू लागले. थोड्याच वेळात पुलावर लाल खूण उमटली. पूर्वेच्या गडाकडे निशाण घेऊन जाणारा खेळाडू एका फळीत अडकत होता. त्याला ना पुढे जाता येत होतं, ना मागे.

निनादने पुन्हा चालवून पाहिलं. खूण तिथेच.

पूल नीट करायचा तर सगळ्या फळ्या काढून नव्याने बसवायला हव्या होत्या. ती हलती सावलीही गेली असती. निनादच्या जिवावर आलं. 'ही तर नुसती बाहुली आहेत,' तो मनाशी म्हणाला, 'खरी माणसं थोडीच अशी अडकणार आहेत?' आणि त्याने चाळण बंद केली.

संध्याकाळी मैथिली वाटेत भेटली.

"मॅप चाळणीतून काढलास ना?"

"काढला. स्वच्छ आहे," निनाद म्हणाला आणि घाईने पुढे गेला.

सामना वाचनालयाच्या सभागृहात होता. चिठ्ठी टाकून बाजू ठरल्या. नांदखेडला पश्चिमेचा गड मिळाला, साखरगावला पूर्वेचा. खेळ अटीतटीचा झाला. शेवटी साखरगावची कर्णधार उर्वी हिने सगळ्यांना चुकवून निशाण उचललं आणि ती पुलाकडे धावली. साखरगावची माणसं खुर्च्यांवरून उठून ओरडू लागली. पूल ओलांडला की ती जिंकणार होती.

पुलाच्या मध्यावर ती थांबली.

ती थांबली नव्हती, अडकली होती. ती कीबोर्डच्या कळा दाबत राहिली, पण पडद्यावरचा खेळाडू जागचा हलेना. नांदखेडच्या खेळाडूंनी मागून येऊन तिला पाडलं, निशाण परत नेलं आणि सामना जिंकला. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या. उर्वी अजूनही कळा दाबत होती.

"गाव तुमचं, मॅप तुमचा, आणि जिंकलेही तुम्हीच!" साखरगावचा एकजण ओरडला. सभागृहात गलका झाला. वाचनालयाचे अध्यक्ष बापूसाहेब निकम उभे राहिले. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"निनाद, तू हे तपासलं होतंस ना?"

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. त्या वेळी खरं बोलणं अवघड होतं, पण अशक्य नव्हतं. निनादचे कान तापले. त्याच्या तोंडून शब्द निघून गेले.

"तपासलं होतं, बापूसाहेब. चाळणीत काहीच दिसलं नाही."

आता सगळे मैथिलीकडे पाहू लागले. ती त्याच्या शेजारीच बसली होती. ती हळूच उठली. ओढणी नीट करायला उगाच हात गेला. ती तिने मुठीत धरली.

"मग चूक माझ्या चाळणीची आहे," ती म्हणाली. "मी साखरगावची माफी मागते."

उर्वी तिला म्हणाली, "तपासणीतच दिसत नसेल, तर तपासायचं तरी कशाला?"

मैथिलीने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मैथिली त्याच्या दारात उभी होती. "तोच मॅप मला दे," ती म्हणाली. "चाळण कुठे चुकली ते शोधायलाच हवं."

तो नकाशा चाळणीत गेला असता तर लाल खूण लगेच उमटली असती आणि निनादचं खोटं उघडं पडलं असतं. "दुपारी देतो," तो म्हणाला. दार लावून तो पूल दुरुस्त करायला बसला. सामन्याआधी ज्या कामाचा कंटाळा केला, तेच काम त्याने आता घाम गाळून केलं. मग दुरुस्त केलेला नकाशा जुन्या नावाने मैथिलीला दिला.

चाळणीने त्यात काही दाखवलं नाही. दाखवायला काही उरलंच नव्हतं. मैथिलीला मात्र वाटलं, डोळ्यांदेखत झालेली चूक चाळणीला दिसत नाही. ती शोधत बसली. प्रोग्रॅमची एक ओळ बदलायची, पुन्हा चालवून पाहायचं, मग दुसरी बदलायची. चाळण वापरणाऱ्या सगळ्यांना तिने कळवलं की हिच्यावर विसंबू नका, हिच्यात दोष आहे. कोणी समजून घेतलं. कोणी चार शब्द सुनावले. तिने सगळं ऐकून घेतलं.

निनाद तिच्या घरी जाई. गेला नाही तर संशय येईल अशी भीती, आणि गेला की जीव गुदमरे. एकदा मैथिलीची आई त्याला चहा देताना हळू आवाजात म्हणाली, "तू तरी समजाव रे तिला. गॅस बंद केला का ते पुन्हापुन्हा जाऊन बघते. बाहेर पडताना कुलूप ओढत बसते. मला विचारते, आई, मी लावलं ना गं नीट? अशी नव्हती ती."

निनादच्या हातातला चहा निवत राहिला.

एवढ्यात मैथिली आतून आली आणि त्याच्यासमोर बसली. डोळे ओढलेले होते. "तुझे उपकार आहेत," ती म्हणाली. "माझ्यामुळे तुझं नाव खराब झालं, तरी तू एका शब्दाने बोलला नाहीस."

तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं निनादला वाटलं. तो काहीतरी पुटपुटला आणि चप्पल पायात सरकवून निघाला. रस्त्यात ओळखीचे लोक हाक मारत होते, त्याला वर बघवेना.

पुढे व्हायचं ते झालं. न दिसणारा दोष शोधताना मैथिलीने चाळण इतकी बदलली, की ती चांगल्या नकाशांवरही लाल खुणा करू लागली. तिने बजावलं असूनही दूरच्या एका गावातल्या माणसाने त्या खुणांवर भरवसा ठेवून आपला चांगला तयार नकाशा मोडून टाकला. ते कळलं तेव्हा मैथिली निनादकडे आली.

"मी चाळण बंद करते आहे," ती म्हणाली. "आज सामन्याचा राहिलेला बक्षीस समारंभ आहे. लोक तुझं ऐकतात. तू तेवढं जाहीर कर. मला तिथे उभं राहवणार नाही."

निनादने तिच्याकडे पाहिलं. एका माणसाला त्याने एवढं लहान करून टाकलं होतं, आणि ते माणूस त्याच्याकडेच मदत मागत होतं.

"बंद करू नकोस," तो म्हणाला. "चाळण चुकली नव्हती. मी खोटं बोललो."

मैथिलीला क्षणभर काही उमगलं नाही.

"सामन्याच्या आदल्या दिवशी लाल खूण आली होती. मी बघितली आणि लपवली. नंतर तुला दिला तो मॅपही तो नव्हता. मी दुरुस्त करून दिला होता."

तिने विचारलं, "खूण पुलावरच होती?"

"हो."

"त्याच फळीवर?"

"त्याच फळीवर."

मैथिलीने डोळे मिटले. "म्हणजे चाळणीला दिसलं होतं," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिने डोळे पुसले. आवाज बदलला होता. "मी सगळ्यांसमोर माफी मागत होते, तेव्हा तू माझ्या शेजारी होतास, निनाद."

"माझं चुकलं, मैथिली. मला..."

"हे मला एकटीला सांगू नकोस. जिथे खोटं बोललास, तिथे जाऊन सांग."

निनाद सभागृहात गेला. तीच माणसं, त्याच खुर्च्या. साखरगावचा संघही आला होता, उर्वी शेवटच्या रांगेत होती. नांदखेडच्या संघाला चषक द्यायला बापूसाहेब उठले, तेवढ्यात निनाद पुढे झाला. त्याने काही लपवलं नाही. लाल खूण, पूल, बदललेला नकाशा, सगळं सांगितलं. "चाळणीत दोष नव्हता," तो शेवटी म्हणाला. "दोष माझ्यात होता."

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर त्याला सोसलं असतं. त्याच्यावर जीव टाकणाऱ्या नांदखेडच्या खेळाडूंनी नजरा वळवल्या. बापूसाहेबांनी चषक टेबलावर ठेवून दिला आणि ते खाली बसले.

उर्वी उठून मैथिलीच्या घरी गेली. "त्या दिवशी मी तुम्हाला बोलले, ताई, ते मी परत घेते," ती म्हणाली. सामना पुन्हा खेळायचं ठरलं, दुसऱ्याने रचलेल्या नकाशावर. त्यात साखरगाव जिंकलं आणि नांदखेडच्या लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. निनाद मागे दाराशी उभा होता. त्याला कोणी जा म्हटलं नव्हतं, पण कोणी पुढे बोलावलंही नाही.

मैथिलीने घाईघाईत केलेले सगळे बदल काढून टाकले. चाळण पूर्वीसारखी झाली. लोक पुन्हा ती वापरू लागले. हळूहळू मैथिलीचं कुलूप ओढून बघणंही थांबलं.

बऱ्याच दिवसांनी निनादने एक नवा नकाशा रचला. तो बिचकत तिच्या दारात गेला. "तुझी चाळण मी वापरली तर चालेल?" त्याने विचारलं.

"वापर की. ती सगळ्यांसाठीच आहे," मैथिली म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "फक्त तिने काय दाखवलं, ते तू मला सांगू नकोस. मॅप ठेवून जा. मी स्वतः बघेन."

निनादने मान हलवली. नकाशा तिच्या हाती देऊन तो पायऱ्या उतरला.

तात्पर्य: आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारणारा त्याचं नाव तर घालवतोच, शिवाय त्याचा स्वतःवरचा विश्वासही हिरावून घेतो. खरं सांगून ते दोन्ही परत देता येतं, पण आपल्यावरचा विश्वास मात्र नुसता मागितल्याने परत मिळत नाही.