होडीच्या फळ्या

गोऱ्या साहेबाच्या अमलात एका नदीवर एक म्हातारी होडी गावकऱ्यांना पैलतीरी न्यायची. पुलासाठी घरोघर वर्गणी जमली. कोनशिला बसवायला साहेब येणार, म्हणून त्यांना उभं राहायला काठावर मंच हवा होता. "पूल होतोच आहे, मग माझ्या फळ्या घ्या की," होडी हरखून म्हणाली. सखबा नावाड्याने डोळे पुसत तिला मोडलं.

वर्गणी मांडव, वाजंत्री आणि हारतुऱ्यांतच उडाली. साहेबांची बदली झाली आणि पूल कोनशिलेपुढे गेलाच नाही.

आषाढात नदी फुगली. सुईण पलीकडच्या गावात. बाळंतपणात अडलेल्या लेकीला काठावर आणून एक आई सवयीने ओरडली, "सखबादादा, होडी लाव रे!" सखबाने मंचाकडे बोट दाखवलं.

मंचाच्या फळ्या शेजारच्या कोनशिलेला म्हणाल्या, "बाई गं, तुला तरी तरंगता येतं का?"