पाचकामीचं झाकण

"आता सांगा, मिस्त्री. काही राहिलंय का?"

जानराव मिस्त्री पुढे आले. त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली. मग उलट्या बाजूनं दुसरी.

प्रल्हाद तायवाडे रुमालानं हात पुसत उभा होता. हात स्वच्छच होते.

परतवाड्याच्या टोकाला मिस्त्रींचं घर. अंगणात पत्र्याची शेड. वय एक्क्याऐंशी झालं तरी मिस्त्री रोज सकाळी तिथं येऊन बसत, एखाददुसरी चौकट करत. आज शेडच्या मधोमध टेम्पोतून उतरवलेली ती मशीन उभी होती.

एकाच ओतीव बिडाच्या अंगावर करवत, रंधा, गिरमिट. खाच पाडायची सोय, गोलाई काढायची सोय. पाच कामं एका मोटरीवर. म्हणून ते दोघं पूर्वी कामाला होते त्या कारखान्यात सगळे तिला पाचकामी म्हणायचे. विलायतेहून आलेली होती म्हणे. सागाच्या दारांचा तो कारखाना बंद पडूनही आता बरीच वर्षं झाली.

प्रल्हादला ती अमरावतीत एका भंगारवाल्याच्या आवारात दिसली. एरंडाच्या झुडपात, एका कुशीवर पडलेली. त्यानं पाहताक्षणी ओळखली.

मग पुण्यात चौदा महिने. तिथल्या कारखान्यातली मोठ्या हुद्द्याची नोकरी सांभाळून, एकेक सुटी घालून त्यानं ती उभी केली होती.

"बेअरिंग सगळे नवे," तो म्हणाला. "शाफ्ट वाकला होता, सरळ केला. टेबल घासून घेतलं. केसाइतकासुद्धा फरक नाही. तुम्ही पट्टी ठेवून बघा."

मिस्त्रींनी पट्टी घेतली नाही. तळहात टेबलावर ठेवला आणि सावकाश सरकवत नेला.

त्या उजव्या हाताला तीनच बोटं होती.

प्रल्हादनं नजर दुसरीकडे वळवली.

"रंग तोच आहे," तो घाईनं म्हणाला. "नावाच्या पट्टीखाली जुना रंग शिल्लक होता. त्यावरून जुळवून घेतला."

"हिरवा," मिस्त्री म्हणाले. "हो... असाच होता."

ते जरा हसले.

"अकरा वाजता चहा यायचा. आठवते तुले? कपबश्या ह्याच टेबलावर ठेवायचो आपन. मालक वरडायचा, बिडाले पानी लागते म्हनून."

"आठवतं."

"अन् तू डोळे मिटून सांगायचा, करवतीखाली कोन्तं लाकूड हाये ते. नुसत्या आवाजावरून."

"तुम्हीच शिकवलंत."

"शिकवून येत नाही ते. तुले येत होतं."

वीस वर्षांचा असताना त्याला ह्या माणसाच्या तोंडून एवढं ऐकायला मिळावं म्हणून तो दिवसदिवस राबला होता. तेव्हा मिस्त्री कधी बोलले नव्हते.

त्याला सागाच्या भुशाचा वास आठवला. पट्टा फिरायला लागला की खिडकीची काच थरथरायची, ते आठवलं. संध्याकाळी केसांतून, कानांतून भुसा झटकत घरी जायचं. आई म्हणायची, लाकडाचा मुलगा आला.

"लाकूड कोन्तं दिलं तिले?" मिस्त्रींनी विचारलं.

"अजून नाही दिलं. नुसतीच चालवून पाहिली."

"चौदा महिने?"

"पहिली फळी तुमच्यासमोर घालायची होती."

मिस्त्रींनी मान हलवली. ते रंध्याच्या बाजूला आले. खाली वाकले. फिरत्या पात्यांवर एक पितळी झाकण होतं. आरशासारखं चकचकीत.

"हे नवं हाये."

"हो. जुनं मिळालंच नाही. हे मी स्वतः केलं." प्रल्हादचा आवाज बदलला. "दोन मिलिमीटरचं पितळ. बरोबर एक इंची फळी जाईल एवढीच फट ठेवलीय. फळी आत असताना बोट जाणारच नाही."

मिस्त्रींनी झाकणाची कड धरून हलवून पाहिली. हललं नाही.

"याचे बोल्ट कोठी हायेत?"

"आतून आहेत. डोकी घासून टाकली मी. पाना बसणार नाही."

"म्हंजे निघतच नाही?"

"नाही. कुणीच काढू शकणार नाही."



बाहेर लाकडं भरलेला एक ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज विरेपर्यंत मिस्त्री तसेच वाकलेले होते.

"पातं बोथट झालं, मंग?"

"काय?"

"धार लावाले पातं काढा लागते. झाकन निघत नाही तं पातं कसं काढशीन?"

प्रल्हादनं झाकणाकडे पाहिलं.

चौदा महिन्यांत त्यानं हजार गोष्टींचा विचार केला होता. हा केला नव्हता. केला असेल, तर पुढे जाऊ दिला नव्हता.

"बोथट पातं लाकूड कापत नाही," मिस्त्री म्हणाले. "उचलून फेकते. धारेच्या पात्याहून ते खराब."

"पण मिस्त्री, झाकण निघत असलं, की कुणीतरी ते काढतं."

"काढते."

"मग?"

मिस्त्री सरळ झाले. भिंतीवरच्या फळीवरून त्यांनी छिन्नी आणि हातोडी उचलली आणि त्याच्यापुढे धरली.

"तोड."

"तीन आठवडे लागले हे करायला."

"तोड."

प्रल्हाद गुडघ्यावर बसला. पहिला घाव चुकला. दुसऱ्या घावाला पितळावर ओरखडा उठला. इतकी वर्षं अर्ध्या कारखान्याला काम सांगणारा माणूस, आणि त्याला छिन्नी धरता येईना.

मिस्त्री स्टुलावर बसून पाहत राहिले. मदतीला आले नाहीत.

तिसरा बोल्ट तुटला, तेव्हा प्रल्हाद थांबला. वर न पाहताच म्हणाला,

"त्या दिवशी झाकण मी काढलं होतं."

मिस्त्रींनी स्टूल जवळ ओढलं.

"शाळेच्या बाकांची घाई होती. झाकण असलं की फळी हळू जायची. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा काढलं मी. तुम्ही आलात, समोर उभे राहिलात. तुमचं लक्ष गेलं नाही. मी फळी ढकलत होतो, तुम्ही पलीकडून घेत होता..."



"फळीत गाठ होती," मिस्त्री शांतपणे म्हणाले.

"मला दिसली नाही. मी ढिगाकडे पाहत होतो. किती फळ्या राहिल्या ते मोजत होतो. फळी उसळली, आणि तुमचा हात..."

"हो."

"तुम्ही मालकाला सांगितलंत, झाकण तुम्हीच काढलं होतं म्हणून."

"सांगतलं."

"का?"

मिस्त्री उठले. माठातलं पाणी लोट्यात घेतलं, त्याच्या हातात दिलं. तो प्यायला. अर्धं शर्टावर सांडलं.

"तुम्हाला माहीत होतं ना, मी काढलं ते?"

"जेवाले गेलो तव्हा होतं. आलो तव्हा नव्हतं. शेडमंधी आपन दोघंच."

"तरी?"

"मी पाहून घ्याले पायजे होतं. मिस्त्री मी होतो."

"बत्तीस वर्षं झाली, मिस्त्री. आठ दिवसांत पळून गेलो मी. तुम्हाला भेटायला दवाखान्यातसुद्धा आलो नाही. पुण्यात शिकलो, साहेब झालो. हातात लाकूड म्हणून घेतलं नाही. तुम्ही एक पत्र तरी टाकायचं. शिव्या द्यायच्या..."

"तुह्या मायले विचारत होतो. बुढी गेली तोवर. पोरगं कसं हाये म्हनून."

प्रल्हादनं मान वर केली. आईनं त्याला हे कधीच सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं, आणि त्यानंच विषय बदलला होता?

"लाकडाचं काम करते का, म्हनून विचारो. बुढी म्हने, नाही करत." मिस्त्रींनी लोटा परत घेतला. "त्याचं वाईट वाटे."

"बोटांचं?"

"बोटाचं काय... आठ हायेत की."

शेवटचा बोल्ट तुटला. पितळी झाकण सुटून प्रल्हादच्या मांडीवर पडलं. रंध्याची पाती उघडी पडली. कोरी, लखलखीत, धारदार. प्रल्हाद नकळत मागे सरकला.

मिस्त्रींनी डब्यातून चार साधे बोल्ट काढले. हातानं फिरवता येतील असे नट काढले. झाकण पुन्हा जागेवर ठेवलं.

"लाव."

त्यानं लावलं.

"आता काढ."

त्यानं काढलं.

"लाव."

पुन्हा लावलं. असं पाच वेळा. पाचव्या वेळी हात न अडखळता चालले. मिस्त्रींनी स्वतः चारही नट बोटांनी चाचपून पाहिले. एकेक करून, सावकाश.

मग शेडच्या कोपऱ्यातून त्यांनी एक फळी ओढून आणली. सागाची, चार हात लांब. बरोबर इंचाची.

"मोटर चालू कर."

पट्टा फिरू लागला. आधी खरखर, मग एक लांब, भरलेला सूर. तोच आवाज होता. जुन्या शेडची काच इथं नव्हती, पण त्याला ती थरथरताना ऐकू आली.

त्यानं फळी घेतली, पुढे आला. आणि थांबला.

मिस्त्री पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहिले होते. बत्तीस वर्षांपूर्वी उभे होते, तिथं. फळी घ्यायला त्यांनी हात पुढे केला होता. उजवाच.

"मिस्त्री, तुम्ही इकडे या. मी एकटा करतो."

"लांब फळी एकट्यानं होत नाही."

"मग तुम्ही ढकला. मी घेतो."

"ढकलनाऱ्याच्या जागी तू हायेस."

प्रल्हादनं फळी टेबलावर ठेवली. सरकवेना. मशीन घुमत होती. झाकणापलीकडे तो तीन बोटांचा हात तसाच उघडा होता. स्थिर.

त्याची नजर त्या हातावरून हलेना.

"मला नाही जमणार..."

मिस्त्रींनी हात मागे घेतला नाही.

"माह्या हाताकडे पाहू नोको, बावा," ते म्हणाले. "लाकडाकडे पाह्य."