जासुदाची भाकरी

फार फार जुन्या काळची गोष्ट, डोंगरापायथ्याच्या एका गावातली.

"खा बाबा, पोटभर खा. या गावात खरं बोललं, तर तुला चारा नाही अन् मला भाकरी नाही."

गडावरून खबर आणणारा जासूद आपल्या घोड्याशी बोलत होता. पाण्याची घागर घेऊन आलेली नवी सून गोठ्यामागे थबकली. नव्या सुनेला सासरी दोनच कामं असतात: ऐकायचं, आणि ऐकलं नाही असं दाखवायचं. या वेळी तिला दुसरं जमेना.

राज्यावर शत्रू चालून आला होता. लग्नाच्या अकराव्या दिवशी तिचा नवरा गावातल्या इतर शिपायांबरोबर गडावर गेला. दर पंधरवड्याला जासूद यायचा आणि पारावरून ओरडायचा, "सगळे खुशाल! तूप खाऊन गुबगुबीत झालेत!" बाया हरखून त्याला पुरणपोळी वाढायच्या. सासू म्हणायची, "अगं बाई, माझ्या बाळाचा अंगरखा उसवावा लागणार आता!"

सुनेला ते पटत नसे. अकरा दिवसांत तिला नवरा फारसा कळला नव्हता, पण तो तुपाच्या वाटीला हात लावत नाही, एवढं तिनं पाहिलं होतं.

"काका," ती गोठ्यामागून पुढे येत म्हणाली, "खरं काय आहे?"

जासूद दचकला. "मागं एकदा सांगितलं होतं, पोरी. एका घरचा मुलगा पडला म्हणून. गावानं शेणाचे गोळे मारून वेशीबाहेर हाकललं मला. तेव्हापासून माझ्या तोंडी सगळेच खुशाल."

"आणि आमच्या घरचे?"

त्यानं मान खाली घातली.

तिनं घागर घोड्यापुढे ठेवली. घोडा ती रिकामी करेपर्यंत ती त्याची मान थोपटत राहिली.

"बाकीच्यांचं काय?"

"गडावरचा दाणा संपलाय. झाडपाला उकडून खातात. मागची वाट तेवढी मोकळी आहे. किती दिवस, कुणास ठाऊक."

गावात तर धान्याचं पेव भरलेलं होतं. शिपाई परतले की गावजेवण घालायचं, म्हणून कुणी त्याला हात लावत नव्हतं.

तिनं जासुदाला पारावर बसवलं, सगळ्यांदेखत भाकरी वाढली. "काका, आधी जेवा. मग खरं सांगा. सुरुवात आमच्या घरापासून करा."

त्यानं मोडलेला घास ताटात ठेवला. "या पोरीचा धनी," तो म्हणाला, "माघातच पडला."

"जळो तुझी जीभ!" सासूनं हातातला तांब्या उगारला. सुनेनं तो हात धरला, हळूच खाली आणला आणि त्याच तांब्यातलं पाणी जासुदाच्या पेल्यात ओतलं.

मग त्यानं एकेक नाव घेतलं, असलेल्यांचं आणि नसलेल्यांचंही. गाव रडलं, पण शेण कुणी उचललं नाही. दिवस मावळायच्या आत पेव उघडलं आणि पोती लादलेली गाढवं मागच्या वाटेला लागली.

दाणा पोचला, गड टिकला. तेवीस गेले होते, चौदा परतले. त्यांचं गावजेवण कण्यांवरच भागवावं लागलं.

त्या पंगतीत सासूनं सुनेला आपल्या शेजारी बसवलं होतं. समोर एक आई परतलेल्या लेकाला भरवत होती. तिनं न राहवून विचारलं, "पोरी, तुझं कुंकू पुसल्याची खबर त्यानं आणली, आणि त्यालाच तू जेवू घातलंस? वाढायला हात कसा धजला गं?"

सुनेनं पंगतीकडे एकवार पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खरं सांगणाऱ्याची भाकरी हिरावली, की उपाशी मरतात ती आपलीच माणसं."